नावाचा माल आणि दुकानाचा माल

संसाराची यादी करताना आपण नुसते 'चहा' असे लिहीत नाही. अमक्याचा चहा असे लिहितो. साबण, बिस्किटे, दंतमंजन यांचेही तसेच. डाळ, गूळ, रवा यांच्यापुढे मात्र नाव लिहिण्याची आपल्याला कधी गरज वाटली नाही. तेथे वाण्याचा शब्द आणि आपली नजर पुरे होत असे. आता आपल्या भागातही मोठाली दुकाने झाली आहेत. ढकलगाडी घेऊन आत जावे, हवे ते उचलावे आणि दारापाशी पैसे द्यावे. या दुकानांत नामांकित कंपन्यांच्या मालाशेजारी दुकानाचा स्वतःचा मालही मांडलेला असतो. वजन तेवढेच, वेष्टन साधे, किंमत कमी. डाळ-तांदळाच्या बाबतीत तो घ्यावा यावर बहुतेक भगिनींचे एकमत होते; पण पाहुण्यांपुढे ठेवावयाची बिस्किटे किंवा हळदीकुंकवाला लुटावयाची वस्तू यांचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचा आवाज खाली येतो. हा संकोच कोठून आला, आणि तो आपल्याच देशात आहे की इतरत्रही, याचा थोडा इतिहास आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, मालावर नाव घालण्याची चाल लबाडीसाठी पडलेली नाही; लबाडीला आळा म्हणूनच ती पडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये भेसळीचा नुसता सुळसुळाट होता. पावात तुरटी, कॉफीत चिकोरीचे मूळ, दुधात पाणी. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी 1851 ते 1854 या काळात बाजारातील जिन्नस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दुकानदारांच्या नावांनिशी निकाल छापले, तेव्हा साऱ्या देशात खळबळ उडाली. अशा बाजारात चहाची सीलबंद पुडी ही मोठीच सोय होती. जॉन हॉर्निमन यांनी 1826 सालीच तसा चहा विकावयास आरंभ केला होता. पुडीवर आपले नाव घालणारा मनुष्य निदान उद्या तोंड लपवून पळणार नाही, एवढा तरी भरवसा गिऱ्हाइकाला मिळे. आपल्याकडे ज्याला पूर्वी 'छाप' म्हणत आणि आता लहान मुलेही 'ब्रँड' म्हणतात, त्याचे मूळ या भरवशात आहे.

भरवशाचा दुसरा एक मार्ग मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी निघाला. 21 डिसेंबर 1844 रोजी तेथील 28 कष्टकरी लोकांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, टोड लेन नावाच्या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. माल काय, तर पीठ, ओटचे भरड, साखर, लोणी आणि थोड्या मेणबत्त्या. गल्लीतली पोरे बाहेर उभी राहून टवाळी करीत होती, असे सांगतात. उधारी नाही, वजन पुरे, माल निर्भेळ, आणि नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. सहकारी ग्राहक भांडारांची आजची सारी वंशावळ या गल्लीपाशी येऊन पोहोचते. एक अडचण मात्र या दुकानांना सर्वत्र आली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तुरटी घातलेला पाव पांढराशुभ्र दिसे. निर्भेळ पाव काहीसा मळकट. वर्षानुवर्षे भेसळीची सवय झालेल्या नजरेला खरा माल खोटा वाटू लागतो! पिवळीधमक हळद आणि चकचकीत डाळ पाहून भुलणाऱ्या आपण तरी त्यांना काय हसावे?

पुढे 1863 मध्ये अशा अनेक भांडारांनी मिळून मँचेस्टर येथे घाऊक खरेदीची मध्यवर्ती संस्था काढली आणि दहा वर्षांनी, 1873 साली, क्रंप्सॉल येथे बिस्किटांचा कारखाना चालविण्यास घेतला. मग बूट, मग साबण. गिऱ्हाइकांच्याच मालकीचे दुकान, दुकानाच्याच मालकीचा कारखाना, आणि पाकिटावर संस्थेचेच नाव. दुकानाच्या स्वतःच्या मालाची ही फार मोठी सुरुवात होय. ती स्वस्ताईच्या मोहातून झालेली नव्हती, हे विशेष.

आता यात स्त्रिया कोठे होत्या? दुकानात जाणाऱ्या त्याच, पिशवी वाहणाऱ्या त्याच, शिल्लक मोजणाऱ्याही त्याच. परंतु सभासदांच्या सभेत पुरुष. सहकारी चळवळीच्या साप्ताहिकातील स्त्रियांच्या पानातून ॲलिस ॲकलंड या बाईंनी 1883 साली हीच तक्रार मांडली. पुरुषांना या चळवळीत या, मत द्या, टीका करा, असे म्हणतात. स्त्रियांना मात्र या आणि खरेदी करा, एवढेच म्हणतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यातून त्याच वर्षी सहकारी महिला संघ उभा राहिला. आपल्यासारखेच ते मंडळ. चहा, शिवणकाम, व्याख्याने. 1889 मध्ये मार्गारेट लेवेलिन डेव्हिस त्याच्या सरचिटणीस झाल्या आणि 1921 पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. त्यांच्या हाताखाली या साध्या गृहिणींनी मताच्या हक्कापासून बाळंतपणाच्या भत्त्यापर्यंत अनेक प्रश्न लढविले. आपल्या विषयापुरते पाहावयाचे, तर संस्थेच्या कारखान्यातला माल दुकानात मागून घ्यावा, शेजारणीलाही घ्यावयास सांगावे, हा त्यांच्या प्रचाराचा एक नेहमीचा भाग होता. 'हलका माल' म्हणून ज्याला नाके मुरडली जात, तो त्यांनी अभिमानाने टोपलीत घातला.

पण एक गोष्ट त्यांच्या मनाला खात होती. हा माल चांगला असे, तरी फार स्वस्त नसे. नफा परत मिळे तो सहामाहीच्या किंवा तिमाहीच्या अखेरीस, आणि रोख पैसे मोजल्यावर. ज्या घरात आजचा शिधा आजच्याच मजुरीवर येतो, त्या घराला तिमाहीची वाट कशी पाहता येणार? तेव्हा 1902 साली या संघाच्या प्रयत्नाने संडरलंड शहरातील कॉरोनेशन स्ट्रीट या गरीब वस्तीत एक निराळे दुकान निघाले. एका-एका पेनीचा जिन्नस तोडून द्यावयाचा, शिजविलेले अन्नही विकावयाचे, आणि कार्यकर्त्यांनी तेथेच राहून ओळखी वाढवावयाच्या. दुकान चालले, लोक येऊ लागले. तथापि 1904 मध्ये स्थानिक संस्थेने ते गुंडाळले. धंदा कोणता आणि समाजसेवा कोणती, याची तेथल्या मंडळींना उलगड होईना. मला स्वतःला हे दोन वर्षांचे दुकान या साऱ्या इतिहासातील फार मोलाची गोष्ट वाटते. गरिबाला कमी पैशांत माल देताना त्याला हिणवावयाचे नाही, ही अट त्या बायांनी पाळून दाखविली.

यानंतर चारच वर्षांत, म्हणजे 1906 साली, साबणाचे ते प्रसिद्ध प्रकरण घडले. विल्यम लीव्हर यांनी 1884 मध्ये 'सनलाइट' हे नाव घेऊन साबणाला घराघरांत पोहोचविले होते. त्याआधी दुकानदार लांबट साबणाचे तुकडे कापून तोलून देत. लीव्हर यांनी वेष्टनात बांधलेली नावाची वडी आणली. ही सोय खरीच होती. परंतु चरबी आणि तेले महागली, तेव्हा त्यांनी तीन पेन्यांच्या वडीची किंमत तीच ठेवली आणि वजन सोळा औंसांवरून पंधरा केले. एक रत्तल साबणात एक औंस गेला! त्यातच मोठ्या साबणवाल्यांनी एकत्र येऊन एकच फळी उभारण्याचा बेत केला. 'डेली मेल' वगैरे पत्रांनी रान उठविले. बायकांनी सनलाइट टाकला आणि सहकारी संस्थेच्या आर्लम येथील कारखान्याच्या साबणाला मागणी वाढली. नोव्हेंबरात तो बेत मोडला. पुढच्या वर्षी लीव्हर यांनी बदनामीचा दावा लावून 'डेली मेल'कडून 50,000 पौंड वसूल केले, हेही सांगितले पाहिजे. पत्राने मर्यादा सोडून लिहिले होतेच. तरीही वजन घटले होते, ही गोष्ट राहतेच. किंमत जागच्या जागी ठेवून आतले बिस्कीट कमी करण्याची युक्ती आपल्याला नवीन वाटते. ती शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे.

मधला काळ मी थोडक्यात सांगते. 'सेंट मायकेल' हे नाव मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाने 1928 मध्ये नोंदविले. दुकानाच्या मालालाही प्रतिष्ठा येऊ शकते, हे त्यावरून दिसले. दुसऱ्या महायुद्धात तर पेट्रोलावरची कंपन्यांची नावेच काही वर्षे पुसली गेली आणि सर्वांना एकच 'पूल' पेट्रोल मिळू लागले. मुंबईत 1943 साली रेशन आले, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनीही रांगेत उभे राहून निनावी धान्य घेतलेच. सगळ्यांनाच एक माल मिळतो, तेव्हा कोणालाच लाज वाटत नाही.

निनावी मालाची खरी लाट आली ती महागाईच्या आठव्या दशकात. फ्रान्समधील कारफूर या दुकानाने 1976 च्या एप्रिलमध्ये 50 जिन्नस पांढऱ्या वेष्टनांत मांडले. कोणाचे नाव नाही, फक्त आत काय आहे ते. पुढच्या वर्षी अमेरिकेत शिकागोच्या ज्यूएल दुकानांनी तेच केले. 1978 मध्ये कॅनडाच्या लोब्लॉ दुकानांत पिवळ्या जर्द पुड्यांवर काळ्या अक्षरांत 'नो नेम', म्हणजे 'नाव नाही', असे छापलेला माल आला. नाव नाही हेच ज्याचे नाव! कॅनडातल्या लोकांना या पिवळ्या रंगाची पुढे गोडीच लागली.

ब्रिटनमध्ये मात्र निराळे घडले. अल्डी ही जर्मन स्वस्त दुकाने 1990 साली तेथे आली आणि बड्या दुकानांना घाम फुटला. टेस्कोने 1993 मध्ये 'व्हॅल्यू' नावाने निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची अगदी साधी वेष्टने काढली. आम्ही नटण्यामुरडण्यावर पैसा घालवीत नाही, असे ती वेष्टने सांगत. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या टोपलीतून ते निळे पट्टे दुरूनही दिसत आणि मागच्या बाईला तिच्या घरची स्थिती न विचारता कळे. मग मुलाच्या डब्यात द्यावयाचे ते नावाचे आणि घरात खावयाचे ते पट्ट्यांचे, अशी वाटणी होते. येथे आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही सुटा चहा नामांकित चहाच्या डब्यात ओतून ठेवणारी घरे काय थोडी होती? 2012 मध्ये टेस्कोने ते नाव आणि ते पट्टे बदलले.

जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांची तपासणी जाहीर केली. टेस्कोच्या त्या स्वस्त मालातील एका नमुन्यात 29 टक्के मांस घोड्याचे निघाले. स्वस्तात घेतले की असेच व्हावयाचे, असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त झाले. परंतु पुढच्याच महिन्यात फिंडस या नामांकित कंपनीच्या तयार जेवणात घोड्याचे मांस सापडले, आणि तेही 60 टक्क्यांहून जास्त. त्या साऱ्या प्रकरणात फसवणूक झाली ती कारखान्यामागच्या कारखान्यात आणि दलालामागच्या दलालाकडे. वेष्टनावर नाव कोणाचे आहे, याचा तेथे काहीच संबंध नव्हता.

2022 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधील महागाई 11.1 टक्क्यांवर गेली. एक्केचाळीस वर्षांत एवढी झाली नव्हती. पुढच्या मार्चपर्यंत खाण्यापिण्याच्या जिनसा वर्षात 19 टक्क्यांहून अधिक महागल्या. तेव्हा पट्टे असोत की नसोत, मध्यमवर्गीय बायकाही खालच्या फळीकडे वाकू लागल्या. त्याच साली आस्डा या दुकानाने आपला स्वस्त माल झगझगीत पिवळ्या वेष्टनांत आणला. कॅनडात ज्या पिवळ्या रंगाचे कौतुक, त्याच रंगाने आमची गरिबी चव्हाट्यावर येते, अशी तक्रार येथे निघाली.

मग माल खरोखर हलका असतो काय? याचे सरसकट उत्तर देता येणार नाही. पण अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मोठा मौजेचा आहे. डोकेदुखीच्या गोळ्या घेताना सामान्य गिऱ्हाईक शंभरातून 26 वेळा नावाची गोळी घेते. औषधनिर्माते स्वतःसाठी घेतात तेव्हा फक्त 9 वेळा. मीठ-साखरेसारख्या जिनसांत व्यवसायाने स्वयंपाकी असलेले लोकही नावाचा माल इतरांपेक्षा कमी घेतात. ज्याला आतले कळते तो बाहेरच्या नावाला कमी पैसे देतो, असा याचा अर्थ. अर्थात हे मीठ, साखर, आणि एकच औषध असलेल्या गोळ्या यांच्यापुरते. चहाच्या चवीला हा हिशेब लावता येत नाही, आणि माझ्या घरी तो लावून पाहण्याची माझी छाती नाही.

आता आपल्या घराकडे वळू. तोच सनलाइट साबण 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. त्याच घराण्यातील कंपनीने 1959 मध्ये 'सर्फ' ही धुण्याची पूड आणली. ती महाग, म्हणून बहुतेक घरांत वडीच चाले. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतील रसायनज्ञाने घरीच पूड बनवून सायकलवरून दारोदार विकावयास सुरुवात केली. मुलीच्या नावावरून तिचे नाव ठेवले 'निरमा'. किंमत सर्फच्या सुमारे एक तृतीयांश. पंधरा-सोळा वर्षांत देशात सर्वांत जास्त खपणारी पूड ती झाली.

तेव्हा मोठ्या कंपनीने काय केले? दूरदर्शनवर ललिताजी आणल्या. ॲलिक पदमसी यांच्या कल्पनेतील आणि कविता चौधरी यांनी साकारलेल्या या बाई आपल्यापैकी बहुतेकींना आठवत असतील. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, चोख हिशेबाच्या. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि सर्फची अर्धा किलो पूड स्वस्त पुडीच्या किलोइतकी पुरते, असे त्या ठणकावून सांगत. भगिनींनो, ही जाहिरात कसबी खरीच. महाग वस्तू विकण्यासाठी तिने श्रीमंती दाखविली नाही. आपल्या काटकसरीचीच भाषा उसनी घेतली. स्वस्त पूड घेणारी बाई गरीब आहे असे कोणी म्हटले नाही. ती हिशेबात कच्ची आहे, असे सुचविले. तो टोला अधिक बसतो. पण पुढे त्याच कंपनीने 'व्हील' नावाची स्वस्त पूड काढली, तेव्हा फरक कितपत होता हे आपले आपण समजावे.

याच्या उलट एक गोष्ट मुंबईचीच. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात गुजराती भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. तोच पुढे 'लिज्जत' झाला. सुरुवातीला त्या दोन प्रतींचा पापड करीत. हलका थोडा स्वस्त विकावा असा विचार. छगनलाल पारेख, ज्यांना सर्व जण छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितले की प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. गरीब बायकांनी गरीब गिऱ्हाइकासाठी वेगळा पापड केला नाही. संडरलंडच्या बायकांना हे फार आवडले असते.

आपल्याकडे दुकानाचा माल प्रतिष्ठेने घेण्याची सवयही जुनी आहे. 1948 मध्ये नायगावात कामगारांनी 'अपना बाजार' उभे केले. 1972 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, पंचायतीने घाऊक भावाने माल घेऊन तो गटात पोहोचवावा आणि घरोघरच्या वाटण्या गटातल्यांनीच कराव्या, अशी तिची रीत. त्या पिशव्यांवर नामांकित छाप नव्हती म्हणून कोणी लाजल्याचे ऐकिवात नाही. ओळखीच्या हातांनी वाटलेला माल होता तो. मोठ्या दुकानाच्या पिशवीपाशी अडखळणारी आपली पावले त्या गटापाशी अडखळली नाहीत, याचे कारण मला तरी हेच दिसते.

आजच्या मोठ्या दुकानांत ओळखीचे हात नसतात. तेव्हा डोळे वापरले पाहिजेत. नावावर विसंबून चालत नाही, हे 2015 मध्ये आपण पाहिलेच. जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगीची विक्री थांबविण्यात आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द करून फेरतपासणी सांगितली, आणि नोव्हेंबरात तीच पाकिटे पुन्हा बाजारात आली. पाच महिने घराघरांत वाद चालले. कोणाचे खरे, हे पाकिटाच्या चित्रावरून कोणालाच सांगता आले नाही.

पाकिटाची मागची बाजू मात्र पुष्कळ सांगते. अन्नपदार्थावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. निव्वळ वजन असते. एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापण्याचा नियम झाला आहे, म्हणजे 400 ग्रॅम आणि 450 ग्रॅम यांतला ललिताजींचा हिशेब दुकानातच होतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. दोन पाकिटे शेजारी धरली की कोणात काय जास्त ते दिसते. आणि सर्वांत खाली, अगदी बारीक अक्षरांत, माल कोणी बनविला आणि कोणासाठी बनविला अशी दोन नावे असतात. दुकानाच्या पाकिटावरचा पहिला पत्ता कधी कधी एखाद्या ओळखीच्या कारखान्याचा निघतो. ती ओळ वाचावयाची तर चष्मा घरी विसरून चालत नाही.